बोलावणं

तो हिरवा गाऊन घालून स्ट्रेचरच्या कडेला बसला होता. सव्वासातला लेकीला ज्या दारातून आत नेलं, त्या दाराकडे बायको टक लावून बघत होती. लेक चार वर्षांची.

सर्जनबाईंनी काल आडपडदा ठेवला नव्हता. "कॅन्सरची गाठ औषधांनी आक्रसली आहे, पण लिव्हर राखता येणार नाही. ते काढून वडिलांच्या लिव्हरचा तुकडा बसवायचा. आधी मी तिचं पोट उघडून बघेन. रोग बाहेर पसरला असेल तर काही न करता टाके घालीन. मग सांगायला मीच येईन. सगळं ठीक असेल तर वडिलांना न्यायला मावशी येतील."

"म्हणजे मला कापायला नेलं तर नशीब उघडलं म्हणायचं," तो तेव्हा हसून म्हणाला होता. सहाव्या मजल्यावर दोरीला लटकून भिंती रंगवणारा गडी, पण सुई दिसली की बोबडी वळायची.

साडेआठ झाले. नऊ.

"थंडी वाजतेय का?" बायकोनं विचारलं.

"नाही. का गं?"

"दात वाजतायत तुझे."

"ते थंडीनं नाही."

दार उघडलं. सर्जनबाई होत्या.

बायकोनं स्ट्रेचरचा दांडा घट्ट धरला. बाईंनी मास्क खाली ओढला. "लिव्हरच्या खाली एक बारीक गाठ दिसली. तपासायला पाठवलीय. वीस मिनिटं तरी लागतील. त्याआधी मला काहीच सांगता येणार नाही." आणि त्या आल्या पावली परत गेल्या.

तो भिंतीकडे बघत होता. ती मनात एकच घोकत होती, मावशी येऊ दे. याला नेऊ दे. याला कापू दे. नवऱ्यासाठी असलं मागणं मागणारी जगात आपण एकटीच असू, असं तिला वाटलं, तरी ती थांबली नाही.

दार पुन्हा उघडलं. तिनं डोळे मिटून घेतले.

"चला दादा, बोलावलंय," मावशी म्हणाल्या. "साधी सूज निघाली म्हणे."

तो एकदम हसला. मग त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. मुकाट्यानं आडवा झाला. त्याचा हात बर्फासारखा गार होता. दारापर्यंत तिनं तो धरून ठेवला, मग मावशींनीच हलकेच सोडवला.

दार लागलं. तिनं मागितलं तसंच झालं होतं, आणि आता ती बंद दाराला हात लावून उभी होती.

बाकावरच्या एका अनोळखी बाईनं आपली पिशवी बाजूला घेतली. "बसा ना. तुमचं कोण आहे आत?"

ती उभीच राहिली.

"सगळेच," ती म्हणाली.