आनंदी संख्या

वडील गेल्यापासून शुक्रवार पेठेतल्या त्या घरात धम्मप्रिया आणि तिची आई मीनाबाई, दोघीच होत्या. आज धम्मप्रियाचा प्रोग्रॅम अखेर चालला आणि स्क्रीनवर आनंदी संख्या भराभर उतरू लागल्या.

"संख्या कशी गं आनंदी?" मीनाबाईंनी विचारलं.

"तिच्या अंकांचे वर्ग करून बेरीज करायची. जे येईल त्याचं पुन्हा तेच. शेवटी एक आला, की ती आनंदी."

"माझं वय हाय का बघ त्यात, एकोणपन्नास."

"आहे की!"

मीनाबाई लाजल्या. "मग हापिसातल्या नागनाथरावांना लग्नाचा होकार कळवते."

धम्मप्रियाने आईला मिठीच मारली. "आणि एकोणपन्नास नसतं तर?"

"तरीबी कळवलाच असता. तुला सांगायला निमित्त घावत नव्हतं."