रिकामी जन्मतारीख

हाताळून मऊ झालेली नंबराची चिठ्ठी मोठ्या सिस्टरनी प्रोग्रामरबाईंच्या टेबलावर आपटली. "आठ महिने ही पेशंट आजी ऑपरेशनसाठी थांबलीय. तुमच्या यादीत तिचं नावच येत नाही!" बाईंनी यादी काढणारी क्वेरी उघडली. तिच्यातलं वय मोजणारं फंक्शन त्यांनीच लिहिलेलं. जन्मतारीख रिकामी असली, की ते वय शून्य धरायचं, आणि माणूस मोठ्यांच्या यादीतून गळायचा. "शून्य धरा, कोण विचारतंय," ते लिहिताना बाईंचे साहेब म्हणाले होते. बाईंनी मान डोलावली होती. आजीचं कळल्यावरही साहेब हसले. "टाका हो एखादी तारीख. बोभाटा नको." बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खरं वय विचारून त्यांनी आजीला यादीत घेतलं, मग फंक्शनमधलं शून्य खोडलं. आता जन्मतारीख नसली, की पडद्यावर झळकायचं: "वय साहेबांना विचारा." खाली साहेबांचा खाजगी नंबर. दुपारपर्यंत साहेबांचा फोन एकशेअकरा रुग्णांसाठी वाजला.