छाती हलवणारा बेस

"बेसने छाती हलली," शाल्मलीने पडद्यावरचं मोठ्याने वाचलं आणि नाक मुरडलं. "हा मँचेस्टरचा डीजे. बर्लिनवाल्याच्या तर म्हणे भिंती थरथरल्या."

ब्रिस्टलमधल्या तिच्या बेस म्युझिकच्या छोट्या कंपनीची नवी तबकडी शुक्रवारी बाजारात येणार होती. गाणी आधी डीजेंना पाठवायची, पण अभिप्रायाचे चार शब्द लिहून दिल्याशिवाय ती डाउनलोड होत नाहीत, असा या धंद्यातला रिवाज. समोर बसलेल्या ऋग्वेदची ही पहिलीच तबकडी. छापून आलेली प्रत त्याने सकाळी घरी लावली आणि तो तसाच धावत आला. दुसऱ्या बाजूला बेसच नव्हता. मास्टरिंग करताना, म्हणजे छापण्याआधी आवाजावर शेवटचा हात फिरवताना, खर्जाचा सगळा भाग कापला गेला होता, आणि डीजेंनाही तीच फाइल गेली होती.

"एकेचाळीस जणांनी या बाजूबद्दलही लिहिलंय," शाल्मली म्हणाली. "एकाने जरी ऐकलं असतं तरी आपण वाचलो असतो. कान भाड्याने दिलेत मेल्यांनी."

"पण ताई, छापण्याआधी कारखान्याने नमुन्याची तबकडी पाठवली असेल ना?"

"पाठवली होती."

आली त्याच दिवशी तिने कारखान्याला कळवलं होतं, उत्तम आहे, पाचशे छापा. तिची नजर नकळत खिडकीखालच्या कपाटाकडे गेली. ऋग्वेद उठला आणि ती काही बोलायच्या आत त्याने तिथलं चौकोनी खोकं बाहेर काढलं. कारखान्याची चिकटपट्टी अजून जशीच्या तशी होती.

"तुम्ही फोनवर म्हणाला होतात," तो हळूच म्हणाला, "ऐकताना अंगावर काटा आला म्हणून."