कंगव्याचे दात कुठं?

"डावा डोळा झाक आणि खालची ओळ सांग. कंगव्याचे दात कुठं?"

आई गॅसपाशी उभी. एका हातात पळी, दुसरा हात दुधाच्या पातेल्याच्या झाकणावर. तक्ता फ्रिजला चिकटवलेला आणि पोरं पार बाहेरच्या खोलीच्या दाराशी.

धाकट्यानं बोट नाचवत सांगून टाकलं, "उजवीकडं, वर, वर, डावीकडं, खाली!"

"शाब्बास. आता ताई."

थोरलीनं श्वाससुद्धा घेतला नाही. "उजवीकडं वर वर डावीकडं खाली! जाऊ खेळायला?"

"पळ! डोळे कसले, दुर्बीण आहे माझ्या पोरीची." वळून बघायला सवड कुणाला? दूध वर आलं होतं.

तक्त्यावर अक्षरं नव्हती. नुसत्या तीन-तीन दातांच्या खुणा, कुणी वर तोंड केलेली, कुणी खाली. पोरांनी त्यांचं नाव कंगवे ठेवलेलं. आई दिवसभर बेकरीत बिस्किटं खोक्यात भरायची आणि तिथनं तडक चष्म्याचे नंबर काढायच्या वर्गाला जायची. लहान असताना ती एकदा डोळे तपासायच्या वर-खाली होणाऱ्या खुर्चीत बसली होती. ती खुर्ची डोक्यातनं काही उतरली नाही. आपलं दुकान असावं, अशी एक खुर्ची असावी, पाटीवर आपलं नाव असावं. दुकानाचा पत्ता नव्हता अजून, पण खुर्ची कुठल्या कोपऱ्यात ठेवायची ते ठरलेलं होतं. वर्गाची परीक्षा पास झाली तर चौकातला चष्मेवाला तिला कामावर घेणार होता. नापास झाली तर पुन्हा वर्षभर बिस्किटं.

म्हणून रोज स्वयंपाक करता करता सराव. पेशंट घरचेच, फुकटातले.

सासूबाईंना मात्र हे पटेना. "अगं, पोरगी टीव्हीत तोंड खुपसून बसते. पाणी भांड्यात ओतते का भुईवर, तिचं तिलाच ठाऊक. परवा बाजारात दुसऱ्याच बाईचा हात धरून निघाली होती. डोळे दाखव तिचे कुणाला तरी."

"अहो आई, मी रोज काय करते मग? खालची ओळ वाचते ती, सगळ्यात बारीक! तुमच्या मुलावर गेलीय, दुसरं काही नाही. तेही असेच वेंधळे."

मुलाचं नाव निघालं की सासूबाई गप्प बसायच्या. तेवढं औषध सुनेला सापडलेलं होतं.

परीक्षेला घरचं एक माणूस आणायचं होतं. कुणी नवरा आणला, कुणी बाप. एकीनं शेजारीण आणली, ती वाटेतच रुसली. आईनं थोरलीला आणलं. धाकट्याचा भरवसा नाही, मधेच खुर्चीचा खटका दाबत बसायचा. थोरली चोख. तक्ताही ओळखीचाच होता. घरातला कागद म्हणजे वर्गातल्या तक्त्याची नक्कल, फक्त वर्गातला आतून दिवा लागणाऱ्या खोक्यात होता.

वाटेत थोरलीनं विचारलं, "मी बरोबर सांगितलं की तुला दुकान मिळणार?"

"मिळणार."

"मग मी चुकणारच नाही."

मास्तर नाकावर ओघळलेल्या चष्म्यातनं बघत कोपऱ्यात बसले. वर्षभर त्यांनी एकच गोष्ट घोकून घेतली होती. तक्त्याकडं बघू नका, पेशंटकडं बघा. डोळे बारीक करतो का, मान पुढं काढतो का, तिथंच सगळं कळतं. घरी आईला हे कधी जमलं नव्हतं, घरी नजर पातेल्यावर. आज मात्र तिनं हात धुतले, खुर्ची वर घेतली, थोरलीचा डावा डोळा झाकला आणि तक्त्याकडं पाठ करून लेकीच्या तोंडाकडं बघत उभी राहिली. आवाज पक्का.

"खालची ओळ."

"उजवीकडं, वर, वर, डावीकडं, खाली!"

"आता दुसरा डोळा."

"उजवीकडं, वर, वर, डावीकडं, खाली!"

डोळे बारीक नाहीत, मान पुढं नाही. बाकीच्यांचे नवरे नि बाप कासवासारख्या माना काढून बसले होते, आणि ही पोरगी बागेत बसावं तशी निवांत. आईचा ऊर भरून आला. तिला पाटीवरची अक्षरं दिसायला लागली. ती मास्तरांकडं वळली.

"दोन्ही डोळे लख्ख, सर!"

मास्तरांनी चष्मा वर सरकवला. "बाई, खोक्यातला दिवा लावलात का?"

आईनं वळून बघितलं. खोक्याची काच कोरी. दिवा लागल्याशिवाय तिच्यावर कंगवे उमटायचेच नाहीत. बटण दाबायचंच राहिलं होतं.

"अगं बाई! घाईत विसरलेच की," ती हसली, बटणाकडं धावली आणि बोट बटणावर ठेवून तशीच थांबली. हसू तोंडावर होतं तसंच राहिलं. मग ती हळूच लेकीकडं वळली.

"मग तू काय वाचलंस गं?"

थोरलीचं तोंड एवढंसं झालं. आईचं दुकान आपल्यामुळं गेलं, एवढं तिला कळलं होतं. "धाकटा सांगतो तेच सांगितलं. चुकलं का?" मग तिनं कोऱ्या काचेकडं बोट केलं. "घरचा तक्ता पण असाच आहे ना, आई? पांढरा?"