चालकाची रिकामी जागा

पोलीस ठाण्यातल्या पडद्यावर भरधाव गाडी आली आणि हेमलताबाई फणसे यांना उडवून भिंतीवर आदळली. चालकाची जागा रिकामीच दिसत होती.

"आमदारच चालवत होते. उतरून माझ्याकडे बघून गेलेसुद्धा!" प्लास्टरमधला हात सावरत हेमलताबाई चौथ्यांदा म्हणाल्या.

"बाई, अधिवेशन चालू आहे," निरीक्षक तांबोळी वैतागून म्हणाले. "नव्या कायद्याने तेवढे दिवस आमदारांना अटक करता येत नाही, म्हणून कॅमेरेही त्यांना चित्रणातून पुसतात. तक्रार नोंदवणारं हे यंत्र विचारतंय, चालक कोण? मी काय भरू?"

"अधिवेशन संपल्यावर दिसतील?"

"पुसलेलं परत येत नाही."

हेमलताबाईंनी टेबलावरचा कागद ओढला. तीस वर्षं त्यांनी शाळेत चित्रकला शिकवली होती. आता डाव्या हाताने, दातओठ खात, त्यांनी वाकड्यातिकड्या रेघांत एक चेहरा काढला. जाड भुवया, कपाळावर जुनी खोक.

तो चेहरा तांबोळींनी ओळखला. मग त्यांनी यंत्र बंद केलं आणि खिशातलं पेन काढलं.

"अटक आज होणार नाही," ते म्हणाले. "पण जबाब हाताने लिहून घेतो. सांगा."