पातूरपर्यंत

"मोटर काढून टाका, किशोरभाऊ," रागिणी म्हणाली आणि तिनं सायकल दुकानाच्या भिंतीला टेकवली.

किशोरनं हातातला पाना खाली ठेवला. साध्या सायकलीला बॅटरी-मोटर बसवून देणारा म्हणून अकोल्यात त्याचं बऱ्यापैकी नाव झालं होतं. मोटर बसवायला लोक येत, बसवल्यावर भांडायलाही येत. चांगली चालणारी मोटर काढा म्हणणारी ही पहिलीच.

"काहून ताई? तरास देऊन राहिली काय?"

"नाही हो. लय चांगली चालते."

तिचे वडील, नत्थुजी, बाहेर कडुलिंबाखाली स्टुलावर बसले होते. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी, दोन्ही हात गुडघ्यांवर. या गुडघ्यांपायीच रागिणीनं हौसेनं ती हलकी मोटर मागच्या चाकात बसवून घेतली होती. पायडल मारलं की मोटर मागून हळूच जोर द्यायची. मोटर म्हटलं असतं तर म्हातारा सायकलला शिवला नसता, म्हणून लाईटसाठी आहे असं सांगितलं होतं. पहिली चक्कर मारून आले तेव्हा नत्थुजी लहान पोरासारखे हसत होते. "पायात ताकद आली बाप्पा!" सगळ्या गल्लीला त्यांनी ऐकवलं होतं.

"काका कुठं हरपले काय?" किशोरनं आवाज खाली आणून विचारलं. नत्थुजींना विसर पडत चालल्याचं त्याच्या कानावर होतं.

"हरपले असते तर शोधून आणलं असतं भाऊ. ते पोचतात."

किशोरला काही कळलं नाही. रागिणीनं एकदा बाहेर पाहिलं आणि भराभरा बोलून टाकलं.

"रोज सकाळी आईले आणाले निघतात. आई माहेरी गेली, पातूरले, हेच धरून बसले. तिले वारून किती वर्षं झाले! आधी नाक्यापर्यंत जात, गुडघे धरले की परत येत. उद्या जातो म्हणत, चहा पीत, पेपर घेऊन बसत. मोटर लागली आन् पातूरले पोचले. मामीनं दार उघडलं, तर म्हणतात, कौशल्या कुठं आहे? मामी काय सांगन? खरं तेच सांगतलं. उंबऱ्यावर बसून रडले, जशी आताच गेली. आमी जीपनं घरी आणलं. सकाळी सगळं इसरले, पुन्हा गेले, पुन्हा तेच."

"मामीनं खोटं सांगाचं होतं."

"सांगतलं ना. तिसऱ्या खेपेले वावरात गेली म्हणे. तर दिवसभर ओट्यावर वाट पाहत बसले. शेवटी शेजारणीच्या तोंडून निघूनच गेलं."

"मंग सायकलले कुलूप लावा."

"लावलं. कुलपापाशी बसून राहिले, जेवले नाही." रागिणीनं सायकलच्या मागच्या चाकाकडे पाहिलं. "माही आई तीनदा मेली भाऊ. तिन्ही वेळा हे मोटर मीच बसवून देल्ली होती."

किशोरनं सायकल उलटी केली, वायर सोडवली, बॅटरीची पिशवी काढली. माळ्यावर पडलेलं जुनं चाक काढून बसवलं. एरवी तोंडाची टकळी चालू असणारा माणूस, आज खाली मान घालून नट आवळत राहिला. घट्ट बसलेला नटसुद्धा त्यानं पुन्हा आवळला.

नत्थुजी उठून आले. "झाली काय रे सर्विसिंग?"

"झाली काका."

"मले पातूरले जायाचं आहे. बाई चष्माच इसरून गेली." त्यांनी खिशातून चष्म्याचं घर काढून दाखवलं. "चष्म्याबिगर तिले पोथी दिसत नाही. बसली असन रुसून."

ते सायकलवर बसले आणि निघाले. रागिणी दारात उभी राहून पाहत होती. म्हाताऱ्याचे खांदे प्रत्येक पायडलला हलत होते. हाक मारावी, थांबवावं, मोटर परत लावून द्यावी, असं तिला फार वाटलं. तिनं हाक मारली नाही. वळणापाशी नत्थुजी उतरले. थोडा वेळ तिथंच उभे राहिले आणि मग हँडल धरून पायी परत आले. सदरा घामानं ओला झाला होता.

"आज जड काहून लागून राहिली वो?"

"समोरून वारा आहे, बाबा."

त्यांनी कडुलिंबाकडे पाहिलं. पानसुद्धा हलत नव्हतं. मग त्यांनी लेकीकडे पाहिलं आणि मान डोलावली. ती सांगते म्हणजे असेल.

"असं होय! मले वाटलं म्हातारा झालो." ते स्टुलावर टेकले. "उद्या जातो मंग."

हेच ऐकायला ती इथवर आली होती. ऐकलं आणि तिनं ओढणी तोंडाशी धरली.

"पण तुही माय वाट पाहत बसन," नत्थुजी म्हणाले. "फोन लाव तिले. सांग, चष्मा घेऊन उद्या येतो."

किशोर काढलेली मोटर उचलून आत निघून गेला.

रागिणीनं पर्समधून मोबाइल काढला. कुठलाही नंबर न लावता कानाला धरला.

"हॅलो, आई... बाबा उद्या येतात. हो, चष्मा घेऊन." पलीकडून कुणी बोलत असल्यासारखी ती मान हलवत ऐकत राहिली.

"काय म्हणते?" नत्थुजींनी विचारलं.

"घाई नका करू म्हणते, बाबा. सावकाश या."