साडेतीन टक्क्यांची सही

“इथे सही करा, अम्मा,” विभागीय अधिकारी वेंकटरमण तमिळमध्ये म्हणाले. कागद त्यांनी हिराबाईंच्या तंजावूरमधल्या छापखान्यात, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यावर ठेवला.

हिराबाईंनी त्याला हात लावला नाही. “रंगा, काय लिहिलंय रे यात?” त्यांनी मराठीत विचारलं.

बँकेचे मॅनेजर रंगराव याचीच वाट पाहत होते. शहाण्णवचा ऑक्टोबर संपत आला होता आणि साहेब सकाळच्या गाडीने मद्रासहून आले होते, ही एक सही न्यायला.

“मी समजावतो, सार,” रंगराव तमिळमध्ये म्हणाले. मग सूर तोच ठेवून, मराठीत:

“अक्का, सही करू नका. कर्जाच्या करारात व्याजाचे पंधरा टक्के आहेत. चौऱ्याण्णवच्या नोव्हेंबरात बँकेने साडेअठरा केले, तुम्हांला एका ओळीने कळवलं नाही. या कागदावर मागची तारीख आहे. सही केलीत की वाढ तुम्हांला तेव्हाच कबूल होती असं होईल.”

“आणि नाही केली तर?”

“ग्राहक मंचात जा. जादा घेतलेलं व्याज परत मिळेल.”

“काय म्हणतात?” साहेबांनी तमिळमध्ये विचारलं.

“व्याजदर आता बँकाच ठरवतात, सरकारने मोकळीक दिलीय, असं सांगतोय, सार. पटत नाही त्यांना.”

“पटवा.” साहेबांनी कॉफीचा पेला उचलला.

हिराबाईंना हसू आवरेना. “तुझी नोकरी जाईल रे, मेल्या.”

“कळलं तर जाईल. हसू नका, अक्का. चिडा माझ्यावर. मोठ्याने.”

हिराबाई चिडल्या, आणि अशा चिडल्या की मशीनवरचा माणूस मशीन थांबवून बघत राहिला. “माझ्या घरचं डांगर खाऊन वाढलास, आणि मलाच लुटायला आलास? ऊठ! तोंड काळं कर!” रंगराव मान खाली घालून उभे राहिले. आवाज उतरल्यावर हिराबाईंनी हळूच विचारलं, “तक्रार कधी देऊ?”

“घाई नाही. तुमचा लग्नांचा हंगाम उरकू द्या. जानेवारीत पोंगल झाल्यावर द्या, सावकाश.”

मग ते साहेबांकडे वळले. “सही देत नाहीत, सार. शिव्या मात्र दिल्या.”

“ऐकल्या,” साहेब तमिळमध्येच म्हणाले. त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली. “अहवालात लिहा, प्रयत्न केला.”

रंगरावांचा जीव भांड्यात पडला. मुलीचं दहावीचं वर्ष होतं, बदली परवडणारी नव्हती. ते साहेबांची बॅग घेऊन आधी बाहेर पडले आणि रिक्षाला हात करू लागले.

साहेब दारात थांबले. चपलेत पाय सरकवत, तंजावूरच्या घरोघरी बोलतात त्या मराठीत हिराबाईंना म्हणाले, “पोंगलची वाट पाहू नका, अक्का. रंगरावांना कायदा अर्धाच ठाऊक आहे. तक्रारीला दोनच वर्षं मिळतात, ती या नोव्हेंबरात संपतात. दिवाळीआधी देऊन टाका.”